शून्य बलाचा दांडा

खैरनार सरांनी फळ्यावर ट्रस काढला,
एका जॉइंटभोवती गोल केला.
इथे भार नाही. तीन दांडे भेटतात,
दोन एका रेषेत, म्हणजे तिसऱ्यात बल शून्य.
लिहून घ्या, पुढे चला.

मी मागून विचारलं,
सर, मग तो घालायचाच कशाला? लोखंड वाचेल.
वर्ग हसला.
सरांनी खडू ठेवला, हात झटकले.
"भार आहे तिथेच राहील, असं तुला कुणी सांगितलं?"
तेवढ्यात बेल झाली.

त्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले.
घरी एकच सांगितला.
दर शनिवारी कळवणच्या एसटीने डबा यायचा,
कंडक्टर ओळखीचा.
चिठ्ठी नसायची, बाबा लिहीत नाहीत,
फक्त झाकणावर रबर
दोनदा गुंडाळलेलं.

अमृतधामला, हायवेच्या अंगावरच आमची खोली.
रात्रभर ट्रक आग्ऱ्याकडे जात
आणि टेबलावरची पट्टी थरथरत सरकत राही.
दुसऱ्या कॉटवर ज्योत्स्ना भोये, सुरगाण्याची,
डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली.
तिचं इलेक्ट्रॉनिक्स, माझं सिव्हिल.
माझ्या बीममधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

आता ज्युनिअर पोरी विचारतात,
ताई, कुठल्या नोट्स? कुठला क्लास लावला होता?
मी सांगते: मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडव,
आकृती आधी काढ, सूत्र नंतर,
मागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या वाकवू नकोस.
त्या लिहून घेतात. खोटं काही नाही त्यात.

पण रात्री दोनला मी वही भिंतीवर फेकली होती,
ते सांगायचं राहून जातं.
ज्योत्स्नाने वही उचलली, पान सारखं केलं,
काही बोलली नाही,
खोडरबर माझ्याकडे सरकवलं.
मग सोल्डरिंग गन लावून बसली
कसल्याशा सर्किटला डाग देत.
राळेचा वास, धुराची एक बारीक रेघ.
"तू सोडव. मी जागी आहे."

पावणेचारला सापडलं.
मी ताण धरला होता तिथे दाब होता.
एका चिन्हापायी
अख्खा पूल माझ्या वहीत उलटा लटकत होता
तीन आठवडे.

निकाल लागला तेव्हा मी दिंडोरी रोडला,
मार्केट यार्डात, मामाच्या टोमॅटोच्या क्रेटवर बसलेली.
पान उघडता उघडेना.
उघडलं. सगळे निघाले.
मामा हमालाशी हुज्जत घालत होते,
कुणाला सांगावं कळेना, म्हणून वर पाहिलं.
शेडचा ट्रस. सवयीने जॉइंट मोजत गेले.
हा शून्य, तो शून्य,
आणि तिसऱ्यावर
बरोब्बर मधोमध एक पारवा बसलेला.
मला हसू आलं. गणित बिघडलं की याचं.

पेढे घेऊन खोलीवर आले.
तिने तिचा निकाल अजून उघडलाच नव्हता.
मी उघडला.
एम थ्री, तिसऱ्यांदा. वर्ष गेलं.
दोन वर्षं एका खोलीत, आणि मी
एकदाही विचारलं नव्हतं, तुझं कसं चाललंय?
तिने पेढा अर्धा खाल्ला,
अर्धा कागदात बांधून ठेवला, सकाळसाठी.

उद्या अंबडला माझा इंटरव्ह्यू आहे,
ड्रेस इस्त्री करून दाराला टांगलाय.
समोर ती लाप्लासशी झुंजते आहे.
मला लाप्लास आता आठवत नाही,
आठवला असता तरी बोलले नसते बहुतेक.
ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसलेय,
फोल निघाली की बाजूला टाकते.
ट्रक जातो. पट्टी थरथरते.
ती एका ओळीवर काट मारते,
पुन्हा वरून सुरू करते.

"झोपलीस?"
"नाही गं."

पान उलटल्याचा आवाज.